जुनं कनेक्शन आधी तोडू नका : पुण्यात घरचं फायबर ब्रॉडबँड बदलताना

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर जानेवारी २०११ मध्ये सुरू झाली. घरच्या ब्रॉडबँडला ती आजही नाही. त्यामुळे ‘सर, तुमचं पोर्ट करून देतो’ असं फोनवर सांगणारा विक्रेता खरं तर तुम्हाला कोरं करकरीत कनेक्शन विकत असतो. वायर नवी, खोकं नवं, खातं नवं. जुनं बंद करायचं काम सगळं तुमच्या गळ्यात.

हे मला काही वर्षांपूर्वी उलट्या क्रमानं कळलं. जुन्या कंपनीवर इतका वैतागलो होतो की आधी कनेक्शन बंद करायला सांगितलं आणि मग नवीन शोधायला निघालो. नवीनवाला म्हणाला, ‘उद्या माणूस पाठवतो.’ तो ‘उद्या’ अकरा दिवसांनी उजाडला. तोवर बायकोचं ऑफिस मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालू होतं आणि घरात माझं नाव कुणी फारसं प्रेमानं घेत नव्हतं. गेल्या वर्षी पुन्हा बदललं, ते मात्र नीट क्रम लावून. तोच क्रम इथं देतोय.

आधी दुखणं कुठलं ते बघा

नेट हळू चालतं म्हणजे कंपनी वाईट, असं लगेच धरू नका. एक लॅन केबल घ्या, लॅपटॉप थेट राउटरला जोडा, वायफाय बंद करा आणि वेग तपासा. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास एकदा. आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत.

केबलवर पूर्ण वेग मिळतोय आणि आतल्या खोलीत मात्र चाक फिरत बसतं, तर दुखणं घरातलं आहे. राउटर टीव्हीच्या कपाटात किंवा चपलांच्या स्टँडमागे कोंबलेला असेल, किंवा मोबाइल अजून वायफायच्या हळू, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच लटकत असेल. पेठेतल्या जाड भिंतींच्या जुन्या घरात तर वेगवान ५ गिगाहर्ट्झचा पट्टा दुसरी भिंतही धड ओलांडत नाही. अशा वेळी कंपनी बदलून काही होणार नाही. राउटरची जागा बदला, नाहीतर आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल टाकून तिथं दुसरा राउटर बसवा. आणखी एक फसगत : प्लॅन २०० एमबीपीएसचा, पण वेग कधीच ९५च्या वर जात नाही. याचा अर्थ बहुतेक वेळा राउटरचं पोर्ट जुनं, १०० एमबीपीएसचं असतं. आणि ‘१०० चा प्लॅन आहे, पण डाउनलोड १२ नंच होतं’ ही तक्रार असेल तर ती तक्रारच नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, फाइल मेगाबाइटमध्ये. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा.

केबलवर दुपारी पुरेपूर आणि रात्री निम्मा वेग मिळत असेल, तर वरच्या लाइनवर गर्दी आहे. हे कंपनी बदलायचं खरं कारण.

तिसरा प्रकार सारखी लाइन तुटण्याचा : फायबर म्हणजे काचेचा धागा, त्यातून उजेडानं नेट येतं; ही वायर घरातल्या ज्या खोक्यात शिरते त्यावर ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल झाला की काचेतून उजेड येत नाहीये असं समजायचं. इथं जरा थांबा. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर गुलमोहर आहे. दर वर्षी पावसाळ्याआधी त्याच्या फांद्या छाटतात आणि दर वर्षी फांदीबरोबर आमची वायरही खाली येते. कंपनी बदलायला निघालो तेव्हा गच्चीवर जाऊन पाहिलं, तर नव्या कंपनीची वायरही त्याच फांद्यांमधून आलेली. म्हणजे पैसे मोजून आम्ही तीच कटकट पुन्हा घरी आणणार होतो. शेवटी नव्या माणसाला मागच्या इमारतीच्या गच्चीवरून वायर आणायला लावली. चाळीसेक मीटर जास्त लागली, त्यानं थोडी कुरकुर केली, पण आणली.

कंपनी नव्हे, लाइनमन निवडा

कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला की ‘सेवा उपलब्ध’ असं हिरव्या अक्षरांत येतं. ते विभागापुरतं असतं, तुमच्या इमारतीपुरतं नव्हे. खरी माहिती तीन ठिकाणी मिळते : वॉचमनकडे, गच्चीवरच्या खोक्यांवर आणि शेजाऱ्यांकडे. डक्टमध्ये (वायरी-पाइपांच्या उभ्या पोकळीत) किंवा जिन्यात कुठल्या कंपन्यांची खोकी आधीच लागलीत ते बघून या. ज्यांचं खोकं आहे त्यांचं कनेक्शन बहुधा दोन दिवसांत होतं. ज्यांचं नाही, त्यांच्या ‘उद्या’वर विसंबू नका; पावसाळ्याच्या तोंडावर तर अजिबातच नको, कारण रस्ता खोदून वायर टाकायची असेल तर ते काम पाऊस संपेपर्यंत रखडतं.

शेजाऱ्यांना ‘कसं आहे नेट?’ असं विचारू नका. ‘बरंय’ एवढंच उत्तर येईल. विचारा, शेवटचं बंद कधी पडलं होतं? किती दिवसांनी चालू झालं? आणि तेव्हा फोन कुणाला केलात, कस्टमर केअरला की थेट लाइनमनला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘आमचा एक मुलगा आहे, त्याला फोन केला की येतो’ असं आलं, तर तो नंबर आधी घ्या.

याचं कारण असं. पुण्यात बीएसएनएल, जिओ, एअरटेल, टाटा प्ले फायबर ही बडी नावं आहेत आणि त्यांच्या जोडीला भागाभागातले केबलवाले. पण बिलावर नाव कुणाचंही असो, तुमच्या गल्लीतली लाइन सांभाळणारा अनेकदा स्थानिक ठेकेदार किंवा भागीदार असतो. म्हणून एकच कंपनी कर्वेनगरात देवासारखी आणि धानोरीत डोक्याला ताप, असं होऊ शकतं. इंटरनेटवरची परीक्षणं वाचून त्यामुळे फारसं हाती लागत नाही. हिंजवडी, वाकड, खराडीच्या टॉवरांमध्ये वेगळाच प्रकार : डक्ट छान, पण सोसायटीनं एक-दोन कंपन्यांशीच ठरवलेलं असतं. तिथं आधी सेक्रेटरींना विचारा, मग प्लॅन बघा.

विक्रेत्याला दोन प्रश्न टाळता येणार नाहीत अशा पद्धतीनं विचारा.

पहिला : फायबर आहे की एअरफायबर? जिओनं एअरफायबर १९ सप्टेंबर २०२३ रोजी ज्या आठ शहरांत आणलं त्यात पुणंही होतं. नावात फायबर असलं तरी तुमच्या घरापर्यंत काच येत नाही. गच्चीवर किंवा बाल्कनीत ५जीचा अँटेना बसतो आणि तिथून खाली वायर येते. जिथं दुसरं काही पोचतच नाही तिथं ते बरं आहे. पण फायबर येत असताना ते घेऊ नका, आणि ‘सेमच आहे सर’ हे तर मुळीच ऐकून घेऊ नका.

दुसरा : काचेची वायर माझ्या घरात येणार की इमारतीपर्यंतच? बड्या कंपन्यांची पद्धत बहुधा अशी : एक्स्चेंजपासून तुमच्या भिंतीपर्यंत सलग काच, मधे ३२ किंवा ६४ घरांत उजेड वाटणारा स्प्लिटर, आणि त्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. काही स्थानिक केबलवाले मात्र फायबर गच्चीवरच्या किंवा लिफ्टरूममधल्या स्विचपर्यंत (नेट घराघरांत वाटणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या डब्यापर्यंत) आणतात आणि तिथून तांब्याची लॅन केबल घरोघरी सोडतात. वेग दोन्हीत मिळतो. पण गुरुवारी महावितरणनं देखभालीसाठी लाइट घालवली, की तुमचा राउटर इन्व्हर्टरवर चालू आणि गच्चीवरचा स्विच मेलेला, अशी गंमत होते. शिवाय वळवाच्या पावसात वीज कडाडली, की त्या तांब्याच्या वायरीतून झटका खाली उतरतो आणि राउटरचं पोर्ट जळतं. आमच्या खालच्या मजल्यावर एका मे महिन्यात तीन राउटर असे गेले. काचेतून वीज वाहत नाही.

बाकीचं पटापट. अपलोडचा वेग डाउनलोडइतकाच आहे का? ‘अनलिमिटेड’ची महिन्याची मर्यादा किती? बड्या कंपन्यांत ती साधारण ३,३०० जीबी असते, साध्या घराला भरपूर. घरी सीसीटीव्ही आहे आणि तो गावाहून मोबाइलवर बघायचाय, किंवा ऑफिसला ठरावीक आयपी (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) लागतो, तर स्टॅटिक आयपी मिळेल का आणि कितीला? बहुतेक घरांना आता सामायिक आयपी मिळतो. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी (कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही सामायिक आयपीवर आहात आणि जुन्या पद्धतीचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) बाहेरून दिसणार नाही. हे पैसे भरण्याआधी विचारा.

पैशाचा हिशेब

जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. समजा प्लॅन ६९९ चा आहे. हातात येणारं बिल ८२४ रुपये ८२ पैसे. ‘सहा महिन्यांचे एकदम भरा, इन्स्टॉलेशन माफ’ ही ऑफर हमखास येते. इन्स्टॉलेशन १,००० रुपयांचं धरलं, तर हजार वाचवण्यासाठी तुम्ही ४,९४९ रुपये एका न पाहिलेल्या लाइनवर लावताय. लाइन खराब निघाली तर ते पैसे परत मिळवताना जी दमछाक होते ती हजारापेक्षा महाग पडते. माझं मत स्पष्ट आहे : पहिला महिना फक्त महिन्याचा प्लॅन, इन्स्टॉलेशनचे पैसे गेले तरी चालतील. दोन महिने नीट चाललं की मग वर्षाचं भरा. तेव्हा सूट मागायलाही तोंड राहतं.

राउटरचं डिपॉझिट परतीचं आहे की नाही, ते पावतीवर लिहून घ्या. तोंडी ‘रिफंडेबल आहे काका’ याला काही किंमत नाही.

माणूस येतो तो दिवस

आदल्या दिवशी सेक्रेटरींना सांगून डक्ट आणि गच्चीची किल्ली कुठं असते ते विचारून ठेवा. पुण्यात दुपारी एक ते चार या वेळात किल्ली मागायला जायचं धाडस करू नका. आधार कार्डाची प्रत द्यावी लागली तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार द्या. भाड्याचं घर असेल तर करार जवळ ठेवा.

खोकं कुठं बसणार ते तुम्ही ठरवा, कारण माणूस नेहमी दाराजवळचा पहिला प्लग बघतो. ‘काका, इथंच पॉइंट काढतो, वायर कमी लागेल.’ त्याची वायर कमी लागेल, पण तुमच्या आतल्या खोलीत रेंज जाणार नाही. घराच्या मध्याजवळची, उंचावरची, इन्व्हर्टरच्या लाइनवरच्या प्लगची जागा निवडा. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. घेताना अ‍ॅडॉप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते बघा, आणि खोकं वेगळं व राउटर वेगळा असेल तर दोघांनाही पुरेल असा घ्या. भिंतीला भोक पाडताना बाहेरच्या बाजूला ड्रिल किंचित खाली झुकवायला सांगा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून घरात येत नाही. वायर आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ ठेवा, पाणी तिथून गळून जातं. भोक सिलिकॉननं बंद झाल्याशिवाय त्याला सोडू नका.

मग जॉइंट. हे बघण्यासारखं असतं. आमच्याकडे आलेला मुलगा विशीतला होता. जिन्याच्या पायरीवर फतकल मारून बसला, वायरीचं काळं आवरण सोललं, आतल्या धाग्यावरचा रंग खरवडला आणि स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला. उरलेली काच १२५ मायक्रॉन जाडीची, केसाएवढी. त्यातही उजेड चालतो तो मधल्या नऊ मायक्रॉनमधून. ती क्लीव्हरनं, म्हणजे काच सरळ कापायच्या हत्यारानं, एका फटक्यात तोडली, स्प्लायसर नावाच्या जोडयंत्रात दोन्ही टोकं ठेवली. छोट्या पडद्यावर दोन दांडे समोरासमोर आले, एक ठिणगी, आणि दोनाचा एक झाला. जोडावर संरक्षक नळी चढवून गरम केली. पुसल्याशिवाय जोडणारे महाभागही असतात. तो जॉइंट आज चालतो आणि पहिल्या पावसात डोळे मिटतो. तोडलेल्या काचेचे तुकडे मात्र जपून. दिसत नाहीत, पायात घुसतात. चिकटपट्टी दाबून उचलून घ्यायचे, झाडूनं नव्हे. आणि वायरीच्या टोकात डोळा लावून ‘उजेड येतोय का’ बघू नका. तो उजेड डोळ्याला दिसतच नाही, पण लागू शकतो.

शेवटी त्याच्याकडे पॉवर मीटर असतो, वायरीतून उजेड किती येतोय ते मोजणारा. ‘किती आलं?’ एवढंच विचारा. त्यालाही कळतं की समोरच्याला थोडंफार कळतं. आकडा उणे असतो : उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असेल तर छान. उणे २७ म्हणजे लाइन कड्यावर उभी आहे, एखादा वाकडा वळसा पडला की बंद. आकडा तीननं घसरला की उजेड निम्मा होतो, म्हणून ‘एवढं चालतं काका’ हे मान्य करू नका. जॉइंट पुन्हा मारायला सांगा. आमचा उणे १९ आला. मीटरचा फोटो काढून ठेवला. पुढे कधी तक्रार झाली तर ‘बसवला तेव्हा इतका होता’ असं दाखवता येतं.

वायरीच्या टोकाचा कनेक्टर बघा : हिरवं टोक हिरव्यात, निळं निळ्यात. हिरव्याचं तोंड आठ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ; एकमेकांत बसतात, पण उजेड वाया जातो. घाईत ही चूक होते, म्हणून तुम्हीच बघा.

जायच्या आधी माणसाकडून तीन गोष्टी लिहून घ्या : खाते क्रमांक, राउटरचा ॲडमिन पासवर्ड आणि पीपीपीओई (कंपनीच्या जाळ्यात शिरायचं लॉगिन) असेल तर त्याचं यूजरनेम-पासवर्ड. शेवटचं नसेल तर उद्या स्वतःचा राउटर लावायचा म्हटलं की पुन्हा कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागेल.

पंधरा दिवस दोन्ही चालू

आता धीर धरायचा. जुनं चालू, नवं चालू. अर्ध्या महिन्याचं जास्तीचं बिल हा विमा समजा. नव्या लाइनवर सुरुवातीला काढलेला तोच कागद पुन्हा भरा : सकाळ, दुपार, रात्र, केबलवर. फक्त वेग बघू नका. कॉम्प्युटरवर पिंग (एखाद्या सर्व्हरला सारखी हाक मारून उत्तर येतं का ते बघणारी आज्ञा) चालू ठेवून रात्री अर्धा तास बघा. उत्तरं मधेच गळत असतील तर वेगाचा आकडा कितीही देखणा असो, व्हिडिओ कॉलवर तुमचा आवाज तुटणार. या पंधरवड्यात एक गुरुवार आला आणि लाइट गेली तर उत्तमच, तीही परीक्षा होऊन जाते. आणि मुद्दाम एक तक्रार नोंदवून बघा, खरीखुरी छोटीशी. किती वेळात फोन येतो त्यावरून पुढची वर्षं कशी जाणार ते कळतं.

या काळात दोन्ही वायफायची नावं वेगळी ठेवा. समाधान झालं की जुना राउटर बंद करून नव्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, सासूबाईंचा मोबाइल, सगळं आपोआप जोडलं जातं. घरभर पासवर्ड सांगत फिरावं लागत नाही.

जुनं कसं बंद करायचं

सगळ्यात आधी ऑटोपे. यूपीआय ॲपमध्ये मँडेट (पैसे आपोआप कापायची परवानगी) दिसतं, ते तिथूनच रद्द करता येतं. पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ती नजरेआड करू नका. पण फक्त पैसे थांबवले म्हणजे कनेक्शन बंद झालं असं नाही. पोस्टपेड असेल तर बिल चढत राहतं आणि वर्षभरानं वसुलीचा फोन येतो. अर्ज करा, लेखी, ईमेलनं किंवा ॲपमधून, आणि विनंतीचा क्रमांक घ्या. ‘का सोडताय, अर्धा दर लावतो’ असे फोन येतील. एकदाच शांतपणे नाही म्हणा.

जुन्या प्लॅनबरोबर आलेली ओटीटीची खाती जातील. सेट-टॉप बॉक्सही परत मागतील. जुनं कनेक्शन लँडलाइनसकट असेल तर मात्र घाई नको : आठ आकडी ०२० चा नंबर बँकेत, गॅस एजन्सीत, वडिलांच्या पेन्शनच्या कागदांवर कुठं कुठं दिलाय ते आधी बदलून घ्या. तांब्याची लाइन असेल तर तोच नंबर फायबरवर ठेवता येईल का, हेही एक्स्चेंजमध्ये विचारा.

खोकं, राउटर आणि अ‍ॅडॉप्टर सहसा कंपनीचे असतात. तिन्हींचे फोटो काढा, अनुक्रमांक दिसेल असे. न्यायला येणाऱ्याकडून पावती घ्या. ‘सिस्टममध्ये अपडेट होईल’ म्हणाला तर तिथल्या तिथं मेसेज येईपर्यंत खोकं हातातच ठेवा. माझ्या पहिल्या वेळी राउटर नेला, पावती दिली नाही, आणि चार महिन्यांनी ‘राउटर परत केला नाही’ म्हणून डिपॉझिट बुडवल्याचा मेसेज आला. वॉचमनच्या वहीत त्या मुलाची सही होती म्हणून सुटलो.

पैसे अडकले तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार, तिचा डॉकेट क्रमांक, म्हणजे नोंद क्रमांक, समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे अर्ज. दूरसंचार नियामक ट्रायकडे थेट तक्रार करून उपयोग नाही. ते नियम करतात, एकेकट्या ग्राहकाची प्रकरणं सोडवत नाहीत. तिथूनही काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे ग्राहक आयोग. दूरसंचाराची प्रकरणं ग्राहक न्यायालयात चालतात, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. डॉकेट क्रमांक नसेल तर या पायऱ्या चढणं अवघड जातं.

उरली जुनी वायर. ती काढायला सहसा कुणी येत नाही. आमच्या गच्चीच्या कठड्यावर अशा सहा-सात मेलेल्या वायरी लोंबतायत, कुठली कुणाची ते आता कुणालाच सांगता येत नाही. नवा माणूस आलेलाच असतो, तेव्हाच त्याला चहा पाजून तुमची जुनी वायर कापून गुंडाळायला सांगा. फक्त कापण्याआधी ती तुमचीच आहे ना, हे दोनदा बघा. आमच्याकडच्या मुलानं घाईत समोरच्या काकूंची कापली होती, आणि तेव्हा त्यांची मालिका चालू होती.